जपानतात्या

पूल दिसला की साधा माणूस पलीकडं जातो. जपानतात्या अलीकडंच थांबतात आणि पाटी शोधतात. पूल कुणाच्या पैशातून झाला, कर्ज किती, व्याज किती, फेड कधीपासून, एवढं कळल्याशिवाय पलीकडच्या काठाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. पाटी गवतात आडवी पडलेली असली तर ते ती उचलतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात, दोन दगडांच्या आधारानं उभी करतात आणि मग मोठ्यानं वाचतात. वाचून झालं की निकाल देतात : "जागतिक बँकेचा हाय. सावकाश चला, बघत बघत." नाहीतर, "लोकल फंडाचा हाय. पटकन निघा."

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातलं मोठं गाव. आसपासच्या खेड्यांचं पोलीस ठाणं इथं, बाजार इथं, बँकेची कामं इथं. सकाळी हॉटेलातल्या बाकड्यांवर मका, कपाशी आणि अद्रकाचे भाव बोलून झाले की तात्यांची पाळी येते. तात्या मूळचे शेजारच्या एका लहान गावचे. त्या गावाचं नाव सांगत नाही. पुढं पाणीपट्टीचा मामला येणार आहे. पण दिवसभर मुक्काम देवगावलाच. मोपेडच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं, कात्रणांना रबर. त्याच पिशवीत एक पितळी तांब्याही असतो. तो पाणी प्यायला नसतो.

तात्या जपानला कधी गेलेले नाहीत. जपानच त्यांच्याकडं आला, वेरूळला. 1992 च्या जानेवारीत जपानच्या ओईसीएफ या संस्थेनं अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी आणि पर्यटन विकासासाठी भारताला 374 कोटी 50 लाख येन कर्ज दिलं. 2003 च्या मार्चमध्ये दुसऱ्या टप्प्याचं आणखी 733 कोटी 10 लाख येन. हे आकडे तात्यांना त्यांच्या पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के पाठ आहेत. कोटी ऐकून बाकड्यावरची माणसं हबकतात. येन हा आपल्या रुपयापेक्षा बारका असतो, हे तात्या सांगतात, पण चहाचे पैसे समोरच्यानं दिल्यानंतर.

त्या पैशातून लेण्यांची कामं झाली, रस्ते झाले, पाण्याची सोय झाली, डोंगरांवर झाडं लागली, पुढं चिकलठाण्याच्या विमानतळाची नवी इमारतही झाली. तात्या तेव्हा ऐन पंचविशीत. झाडांचे खड्डे खोदायच्या कामावर आपण मुकादमाच्या हाताखाली होतो, असं ते सांगतात. एके दिवशी पाहणीला जपानी साहेब आला. त्यानं खड्ड्याशी बसून टेपनं खोली मोजली, मान हलवली आणि उठून तात्यांसमोर कमरेत वाकला.

"साहेब वाकला!" हे सांगताना तात्यांचा आवाज आजही चढतो. त्याआधीच्या आयुष्यात वाकायचं काम तात्यांकडंच होतं. तलाठ्यापुढं, सोसायटीच्या सचिवापुढं, डीपी जळाला की वायरमनपुढंसुद्धा. साहेब नावाचा प्राणी आपल्यापुढं वाकतो आणि तेही खड्डा नीट खोदला म्हणून, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून ते स्वतः सगळ्यांपुढं जपानी पद्धतीनं वाकतात. एसटीचा कंडक्टर तिकीट देतो, तात्या वाकतात. नवा कंडक्टर असला तर घाबरून विचारतो, "बाबा, पाठ धरली का?"

जपानबद्दल तात्यांना जे माहीत आहे ते बरंचसं खरं आहे. या माणसाची खरी पंचाईत तिथंच आहे. नुसता थापाड्या असता तर गावानं कधीच निकालात काढला असता. पण ते म्हणतात, जपाननं येनचं पहिलं कर्ज कुणाला दिलं? भारताला, 1958 साली. आणि त्या वेळी जपान स्वतः कुणाच्या दारात उभा होता? जागतिक बँकेच्या. 1953 ते 1966 या काळात जपाननं जागतिक बँकेकडून 31 कर्जं घेतली, 86 कोटी 30 लाख डॉलरची. टोकियो-ओसाकाची जगप्रसिद्ध वेगवान रेल्वे, 1964 च्या 1 ऑक्टोबरला सुरू झालेली, तिच्यातही बँकेचे 8 कोटी डॉलर होते. आयची भागातल्या शेतीचा कालवासुद्धा बँकेच्याच कर्जातून झाला. शेवटचा हप्ता जपाननं 1990 च्या जुलैमध्ये फेडला. "म्हंजे दीड वर्षांत," तात्या बोट वर करतात, "एका सावकाराची उधारी मिटवली अन् वेरूळला पैशे लावले. याला म्हनत्यात घरानं!"

समोरच्या कोपऱ्यातून हॉटेलमालक ठेवणीतला प्रश्न टाकतो, "अन् चीन?"

हॉटेलमालक चीनच्या बाजूचा आहे. कारण राजकीय नाही. दुकानातली बारीक दिव्यांची माळ, मिक्सर आणि मोबाईल असा त्याचा सगळा संसार स्वस्तात त्या बाजूनं आलेला आहे. त्याचं म्हणणं, चीन मागच्या मागं देतो, लवकर देतो, कागद कमी मागतो. तात्यांकडं याला एका शब्दाचं उत्तर आहे : हंबनटोटा. श्रीलंकेनं चिनी कर्जावर तिथं बंदर बांधलं आणि 2017 साली ते 99 वर्षांच्या करारानं चिनी कंपनीच्या हाती दिलं. हे तात्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या त्वेषानं सांगितलंय की देवगावच्या पोरांनी त्या शब्दाची शिवी केली आहे. गोट्या खेळताना कुणी चिडखोरपणा केला की दुसरा ओरडतो, "हंबनटोटा व्हईल तुझा!"

त्यापुढं तात्या 2015 वर येतात. त्या वर्षीच्या मे महिन्यात जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी दर्जेदार पायाभूत सुविधांसाठी आशियाला पाच वर्षांत 110 अब्ज डॉलर द्यायची घोषणा केली. चीनशी स्पर्धा होती हे उघड आहे. स्वस्तात चीनला हरवता येत नाही म्हणून जपाननं दर्जाचा झेंडा उभा केला. पण त्या झेंड्यामागं एक हिशेब होता आणि तो पुढं 2019 मध्ये ओसाकाच्या जी-20 परिषदेत तत्त्व म्हणून मान्यही झाला : बांधकामाची किंमत बघू नका, ती वस्तू मरेपर्यंत तिच्यावर किती खर्च होईल ते बघा. आज स्वस्त पडलेला रस्ता दर पावसाळ्यानंतर पैसे मागत असेल तर तो स्वस्त नव्हताच. तात्यांनी हे कात्रण प्लास्टिकमध्ये ठेवलंय. ते वाचून दाखवताना ते टोपी काढतात.

त्यांच्या मातोश्रींना हे सगळं मान्य नाही. म्हातारी नव्वदीला आलीय आणि परदेशी मदतीचा तिचा अनुभव लेकापेक्षा जुना आहे. साठच्या दशकात रेशनला येणारा अमेरिकेचा लाल गहू तिनं खाल्ला, बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्ली. ती म्हणते, "लय शिकवू नगो मला. मिलो खाऊन पोट दुखायचं, पन कुनी वाकून दिली न्हाई अन् आमी वाकून घेतली न्हाई. रांगेत हुभं ऱ्हायलो." त्या अमेरिकी गव्हाच्या कर्जाचं काय झालं, हे मात्र तात्या तिला आवर्जून सांगतात. पीएल-480 खाली आलेल्या धान्याची किंमत भारतानं रुपयांत साठवली होती; त्यातले 1,664 कोटी रुपये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहॅन यांनी 1974 साली एका चेकनं भारताला परत दिले. म्हातारी हिशेबात पक्की. तिनं विचारलं, "म्हंजे कर्जमाफी झाली. मंग आपलं सोसायटीचं कामून ऱ्हायलं?"

तात्यांचा खरा चमत्कार या माहितीत नाही. माहिती बाळगणारे पुष्कळ असतात. तात्या ती वापरतात.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपाननं जे कर्ज कबूल केलं, त्याच्या अटी 2017 मध्ये सगळ्या पेपरांत आल्या होत्या : खर्चाच्या 81 टक्के रक्कम, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, त्यातली पहिली 15 वर्षं हप्ता नाही. देशानं ही बातमी वाचली आणि पान उलटलं. तात्यांनी ती कापून खिशात घातली आणि किराणा दुकानात गेले. दुकानदारानं मागची उधारी विचारल्यावर त्यांनी कात्रण पुढं केलं. "शेकडा दहा पैशे व्याज लाव. माझी ना न्हाई. पंधरा साल थांब, मंग हप्ता चालू." दुकानदारानं शांतपणे विचारलं, "तात्या, तवर तुमी असाल का?" तात्या म्हणाले, "देश असतोच की."

देणारा म्हणून तात्या अधिक कडक आहेत. जपानच्या कर्जाचा एक प्रकार असतो, त्याला स्टेप म्हणतात. त्यात मुख्य ठेकेदार जपानी लागतो आणि निदान 30 टक्के माल किंवा सेवा जपानकडून घ्याव्या लागतात. म्हणजे पैसा देशाबाहेर जातो खरा, पण त्यातला बराचसा वळसा घालून घरी येतो. तात्यांकडं एक बॅटरीवरचा फवारणी पंप आहे. तो ते भावकीला उसना देतात. भाडं शून्य. मात्र औषध त्यांच्या पुतण्याच्या कृषी सेवा केंद्रातून घ्यायचं, फवारायला त्यांचाच गडी लावायचा आणि त्याची रोजी पंप घेणाऱ्यानं द्यायची. एकदा एका चुलत भावानं औषध कन्नडहून स्वस्तात आणलं. तात्यांनी पंप रानातून उचलून आणला. "करारभंग," म्हणाले. त्या दिवशी विकसनशील देशाला काय वाटत असेल ते आपल्याला समजलं, असं तो चुलत भाऊ अजून सांगतो.

जर्मनीबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. त्यालाही कारण आहे. या जिल्ह्यात, पुण्यात आणि नगरमध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीनं 'आपलं पाणी' प्रकल्प राबवला गेला. त्याची पद्धत अशी की गावानं आधी मागणी करायची, समिती करायची, समितीत बाया घ्यायच्या आणि योजनेच्या खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी गोळा करायची. योजना पुढं चालवायची तीही गावानंच. जर्मनांचा विचार साधा होता : ज्यानं खिशातून दहा रुपये दिलेत तो नळाची तोटी चोरीला जाऊ देत नाही. तात्यांना हा अपमान वाटला. "मदत द्यायला आले अन् आपल्यालाच मागत्यात! असली कुटं मदत असती का?" इस्रायलवर ते त्याहून नाराज आहेत. मराठवाड्याच्या वॉटर ग्रिडसाठी 2018 पासून इस्रायलच्या मेकोरोट कंपनीनं अहवाल केले. तात्या म्हणतात, "कागद आला. कागद पिळून बगितला, थेंब न्हाई."

आता पाणीपट्टी.

तात्यांच्या गावात नळयोजना आहे. टाकी आहे, विहीर आहे, मोटार आहे, एक दिवसाआड का होईना पाणी येतं. वर्षाची पाणीपट्टी एका मध्यम प्रतीच्या लग्नाच्या आहेराइतकीही नाही. तात्यांनी ती कित्येक वर्षं भरलेली नाही. एकटे तेच नाहीत, पण बाकीचे गप्प राहून भरत नाहीत. तात्या सिद्धांत मांडून भरत नाहीत. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत थकबाकीदारांची यादी वाचली गेली. तात्यांचं नाव आल्यावर ते उठले, वाकले आणि बोलायला लागले. जपान, 0.1 टक्का, 50 वर्षं. शेवटी त्यांनी लेखी अर्जच दिला की थकीत पाणीपट्टीस पहिली पंधरा वर्षं सवलतीची धरावीत व नंतर पस्तीस वर्षांत समान हप्ते पाडून द्यावेत.

ग्रामसेवक मॅडम नवीन होत्या. त्यांनी अर्जावर आवक क्रमांक घातला आणि सरपंचबाईंकडं पाहिलं. सरपंचबाई म्हणजे नात्यानं तात्यांच्या भावजय. डोक्यावरचा पदर न ढळू देता बोलतात आणि समोरच्याचं सगळं ढळवतात. त्या म्हणाल्या, "मंजूर, भावजी. पन सवलत दोन्ही अंगानं. पंधरा वर्षं तुमच्या नळाला पानी सोडनार न्हाई. सोळाव्या वर्षी पयला हप्ता भरा, त्या सांजंला तोटी सोडू."

सभा हसली. तात्या बसले, पण खचले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "वाटाघाटी चालू ठिवायच्या असत्यात."

मधे एकदा भाच्याच्या पिकअपमधून अद्रक घेऊन तात्या वाशीच्या मार्केटला गेले. माल उतरवून भाचा परत निघाला, तर तात्या अडून बसले : अटल सेतू बघायचा. शिवडी ते न्हावा-शेवा, 21.8 किलोमीटर, 2024 च्या 12 जानेवारीला उघडलेला, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातला. भाच्यानं सांगितलं की मामा, आपल्याला शिवडीला काहीच काम नाही. तात्या म्हणाले, "पुलाला काम कशाला पाह्यजे?" गेल्याचा टोल, आल्याचा टोल. भाच्याच्या त्या खेपेचा नफा समुद्रात गेला.

पिशवीतल्या तांब्याचं काम इथं होतं. रस्त्याचा दर्जा तात्या तांब्यानं मोजतात. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर ठेवायचा, गाडी चालू करायची आणि किती किलोमीटरला किती पाणी सांडलं ते बघायचं. आमच्याकडच्या काही रस्त्यांवर ही चाचणी करून त्यांनी तीन धोतरं बदलली आहेत. अटल सेतूवर टिपूस सांडला नाही, असं ते शपथेवर सांगतात. मधे उतरून कठड्याला हात लावायची त्यांची इच्छा होती, पण त्या पुलावर गाडी थांबवायला मनाई आहे, म्हणून त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून खाऱ्या वाऱ्यालाच नमस्कार केला. भाच्याचं निवेदन थोडं वेगळं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणं तांब्या पुलावर येण्याआधीच्या रस्त्यातच रिकामा झाला होता.

मला तात्यांचं हसू येतं, पण एका दिवसाचं येत नाही. वेरूळचं पर्यटक केंद्र बघायला आम्ही गेलो तो दिवस. जपानी कर्जाच्या दुसऱ्या टप्प्यातून अजिंठ्याला आणि वेरूळला मोठी पर्यटक केंद्रं उभी राहिली. अजिंठ्याच्या केंद्रात 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. मूळ चित्रांवर श्वासांचा आणि पावलांचा भार कमी पडावा, हा हेतू. अजिंठ्याला गाड्या लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडं फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबवून पुढं बसनं न्यायची व्यवस्थाही याच विचारातली, आणि ती उत्तम आहे. केंद्रांच्या इमारतींना नाव ठेवायला जागा नव्हती. पुढं त्यांची पाण्याची आणि विजेची बिलं थकली. केंद्रांना कुलूप लागलं.

तात्या फाटकाशी बराच वेळ उभे होते. भिंती बघितल्या, काचा बघितल्या, फरशीचा सांधा गजांतून हात घालून चाचपला. "काम एक नंबर हाय," म्हणाले. मग मला विचारलं, "लाइट बिल कितीक असंल?" मी म्हटलं, लाखांत असेल. "कर्ज कोटीत अन् अडलं लाखात?" त्यांना हे पटेना. कोटींची वस्तू लाखांसाठी बंद पडते हे जपानी कात्रणात कुठंच नव्हतं. खरं म्हणजे होतं. तेच तर ते टोपी काढून वाचायचे. बांधायचा पैसा बाहेरून येतो, त्याला करार असतो, सही असते, दोन देशांचे झेंडे असतात. वॉचमनचा पगार, पंपाचं ग्रीस, महिन्याचं बिल यांना कुणी झेंडा लावत नाही. आणि पैसा येऊन पडला म्हणजे काम सुरू होतं असंही नाही. पुण्याच्या मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जायकाशी करार 2016 च्या जानेवारीत झाला. भूमिपूजन व्हायला 2022 चा मार्च उजाडला. मधली वर्षं निविदा काढण्यात आणि रद्द करण्यात गेली. त्यावर जपान काय करणार?

परतताना मी मुद्दाम गाडी खुलताबादेत मलिक अंबरच्या कबरीकडं घेतली. म्हटलं, तात्या, तुम्हाला परदेशी मदतच बघायची ना? हा माणूस आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद झाली, आता छत्रपती संभाजीनगर. या शहराला त्यानं नहर दिली. डोंगरात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नळांतून, मोटार नाही, वीज नाही, नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणलं. तो 1626 साली गेला. त्याच्यानंतर कितीतरी पिढ्या शहर ते पाणी प्यालं. नहर मेली ती बांधणी कच्ची होती म्हणून नव्हे. आपण तिच्यावर घरं बांधली, तिच्यात घाण सोडली म्हणून.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रश्न एकच विचारला, "व्याज किती हुतं?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"मंग पाटी कुटंय?"

परदेशी मदतीची दुसरी बाजूही मी सांगितली. हैदराबादच्या निजामानं 1920 च्या सुमाराला अजिंठ्याची चित्रं जपायला इटलीहून लोरेन्झो चेकोनी हा नामांकित तज्ज्ञ बोलावला होता. त्यानं निखळणारे पापुद्रे बसवले हे मोठंच काम, पण चित्रांवर दिलेलं लाखेचं वार्निश पुढं पिवळं पडत गेलं आणि ते काढण्यात आपल्या पुरातत्त्वाच्या माणसांची कित्येक वर्षं गेली. तात्यांना हे ऐकून आनंद झाला. इटली त्यांच्या यादीत नव्हतीच.

कुलूप बघितल्याचा परिणाम मात्र आतून झाला असावा. तो कुणी ओळखला असेल तर सरपंचबाईंनी. त्यांनी दिवाळीच्या आधी टाकीच्या बुंध्याशी एक फरशी बसवून घेतली. जपानी पर्यटक केंद्रावर असते तशी, काळ्या दगडाची, सोनेरी अक्षरांची. तिच्यावर मजकूर असा : 'ही नळयोजना खालील ग्रामस्थांच्या पाणीपट्टीतून चालते.' आणि खाली नावं. ज्यांनी भरली त्यांचीच. पहिलं नाव एका विधवा शेतमजूर बाईचं, जिची एक वर्षाचीही बाकी नव्हती.

तात्यांनी ती फरशी सकाळी पाहिली. सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागले. आठ-दहा नावं झाल्यावर आवाज उतरला. शेवटपर्यंत वाचून त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. साठीला आलेल्या माणसानं आपलं नाव एखाद्या यादीत इतक्या मनापासून शोधावं, हे मी निवडणुकीच्या दिवशीही पाहिलेलं नाही. दुपारी ते ग्रामपंचायतीत गेले आणि पिशवीतल्या कात्रणांखालून पैसे काढले.

निम्मी थकबाकी त्यांनी रोख भरली, पावती घेतली आणि मॅडमपुढं वाकले. नाव फरशीवर कोरायला सरपंचबाईंनी नकार दिला. निम्म्या पैशात निम्मंच नाव बसेल म्हणाल्या. उरलेल्या निम्म्यासाठी दहा पैसे व्याजाची आणि पंधरा वर्षांच्या सवलतीची मागणी तात्यांनी अजून मागं घेतलेली नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेच्या नोटिशीत तो विषय क्रमांक सहा आहे.